जॉब कार्डावरचा ‘ड्रायव्हर एरर’ आम्हाला मान्य नाही

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स (एआयएस) समिती,
द्वारा एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), वेताळ टेकडी, कोथरूड, पुणे

आणि भारतात इलेक्ट्रिक गाड्या विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे डिझाइन विभागप्रमुख

विषय: इलेक्ट्रिक गाड्यांची पेडल, गिअर निवडायचे नॉब आणि पार्कचं बटण यांसाठी चूक टाळणारी मानकं करण्याबाबत

महोदय,

२०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर भर रस्त्यात पेटू लागल्या, तेव्हा त्याच वर्षी इलेक्ट्रिक वाहनांच्या सुरक्षेची जी मानकं, एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८, त्यांत दुरुस्त्या झाल्या. सेल कसे असावेत, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस यंत्रणेनं काय पाहावं, एका सेलची आग शेजारच्या सेलपर्यंत जाऊ नये म्हणून काय करावं, सगळ्यावर कलमं आली. ‘ग्राहकानं रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली’ असा शेरा मारून आपण फाइल बंद केली नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. आज लिहितोय ते गाडीच्या अशा भागाबद्दल, ज्याला ही तडफ अजून लाभलेली नाही. जिथं माणसाचा हात आणि पाय गाडीला लागतो तो हा भाग.

माझी उभी नोकरी भोसरी ते चाकण या पट्ट्यात, क्वालिटी विभागात गेली. गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांपैकी आम्ही. तेव्हा हे पत्र गाड्यांवर राग असलेल्या माणसाचं नाही. घरातही दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्यातली एक माझ्या थोरल्या बहिणीची.

ताई अडुसष्ट वर्षांची. प्रीमियर पद्मिनीवर शिकलेली, खंबाटकीच्या चढाला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारी. गेल्या दिवाळीच्या आधी ती सोसायटीत आली, भिंतीपुढच्या आपल्या जागेत गाडी घेतली, ब्रेक दाबला. ऑटो होल्डनं गाडी धरून ठेवली. पाय ब्रेकवरून निघाला तरी गाडी हलेना. आवाज नाही, थरथर नाही. तिनं पट्टा सोडला आणि मागच्या सीटवरची भाजीची पिशवी घ्यायला वळली. तोल सावरताना उजवा पाय टेकला तो ॲक्सिलरेटरवर. गिअर डी मध्येच, म्हणजे ड्राइव्हमध्येच होता. भिंत फुटली, आणि भिंतीलगतच्या वॉचमनकाकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे तुकडे झाले. काका नुकतेच कुरियर घ्यायला गेटवर गेले होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही काही एकाच कंपनीची गोष्ट नाही. सर्व्हिस सेंटरनं गाडीतला डेटा काढून आमच्यापुढे ठेवला: गिअर डी, ॲक्सिलरेटर शंभर टक्के, ब्रेक शून्य. जॉब कार्डावर शेरा पडला, ‘ड्रायव्हर एरर, नो फॉल्ट फाउंड’.

डेटा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच कागदावर आणखी तीन ओळी होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. वेग शून्य. चालकाचा पट्टा सुटलेला. पुढच्या सेन्सरला अडथळा दिसतोय, अगदी जवळ. म्हणजे चालक निघायच्या तयारीत नाही आणि समोर भिंत आहे, हे गाडीला ठाऊक होतं. तरीही पेडल दाबलं जाताच तिनं मोटरची ताकद चाकांना देऊन टाकली. या गाडीत ऑटोमॅटिक ब्रेकिंगही आहे, जाहिरातीत त्याचा केवढा तरी गाजावाजा असतो. पण बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर जोरात दाबला की चालकाची तीच इच्छा आहे असं समजून ती यंत्रणा माघार घेते.

आता या कंपन्या आम्हा सप्लायरांशी कशा वागतात तेही सांगतो, कारण माझा मूळ आक्षेप तिथलाच आहे. आमच्याकडून उलटा बसवलेला एक ब्रॅकेट जरी त्यांच्या लाइनवर पोचला, तरी एट-डी रिपोर्ट, म्हणजे चुकीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा ठरावीक अहवाल, मागितला जातो. त्यात मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहून पाठवा. रिपोर्ट तासाभरात परत येतो. फोनवर वर ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच: ‘ऑपरेटर चुकणारच हो, तुमच्या फिक्स्चरनं उलटा ब्रॅकेट घेतलाच कसा? पोकायोके कुठाय?’ पोकायोके म्हणजे चूक होऊच न देणारी रचना. मग आम्ही फिक्स्चरमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, एक पिन वाढवतो, की ब्रॅकेट उलटा बसूच नये. हे मला पटतं. मी आयुष्यभर तेच केलं.

पॉवर प्रेसचं उदाहरण आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असेल. भोसरीच्या जुन्या प्रेसशॉपमध्ये बोटं गेलेले कामगार सर्रास दिसायचे, आणि अपघाताच्या रजिस्टरात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं जायचं. मग दोन हातांची बटणं आली. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाही. कामगार तेच, झोप तेवढीच अपुरी, तिसरी पाळी तशीच. बोटं मात्र शाबूत राहू लागली. जी कंपनी आमच्या प्रेसवर ही बटणं आहेत का ते तपासायला ऑडिटर पाठवते, तिनं आपल्याच ग्राहकाच्या कागदावर ‘ड्रायव्हर एरर’ लिहून मोकळं व्हावं?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की पेडल तर जुन्या गाड्यांतही तीच होती. तीच नव्हती. आपल्याकडची बहुसंख्य माणसं क्लचच्या गाडीवर शिकली आहेत. क्लचच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो. डावा पाय क्लचवर पडला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, मग उजवा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर असला तरी इंजिन नुसतं बोंबलतं. गिअरमध्ये असताना क्लच पटकन सोडला तर गाडी आचका देऊन बंद पडते. शिकताना आपण सगळ्यांनी त्या आचक्याला शिव्या दिल्या, पण आपल्या कितीतरी चुका त्यानंच जागच्या जागी संपवल्या. शिवाय इंजिनाचा आवाज चढतो, तो कानाला पायाची चूक सांगतो. इलेक्ट्रिक गाडीनं हे तिन्ही पहारेकरी एकदम काढून टाकले, आणि वर शून्य वेगापासूनच मोटरचा पूर्ण टॉर्क हाताशी दिला. काढलं त्याच्या जागी काही ठेवायला नको का?

९ डिसेंबर २०२४ ची कुर्ल्याची रात्र आपल्या लक्षात असेल. बेस्टसाठी भाड्यानं चालणारी बारा मीटरची इलेक्ट्रिक बस पश्चिमेच्या गजबजलेल्या रस्त्यावर गाड्यांना आणि माणसांना उडवत गेली. किमान सात जणांचा जीव गेला, चाळीसहून अधिक जखमी झाले. चालक त्याआधी प्रामुख्यानं क्लच-गिअरची वाहनं चालवत असे आणि या बसचं प्रशिक्षण त्याला तुटपुंजंच मिळालं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. प्रकरण न्यायालयात गेलेलं आहे, दोष कुणाचा ते तिथं ठरेल. पण त्या रात्रीनंतर चर्चा झाली ती चालकाची, कंत्राटाची आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची. बसच्या पेडलांनी आणि सॉफ्टवेअरनं काय करायला हवं होतं, याची चर्चा माझ्या वाचनात आली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या निर्माण विहारात नवीकोरी गाडी लिंबावरून घालताना शोरूमच्या पहिल्या मजल्यावरून काच फोडून खाली पडली. ती इलेक्ट्रिक नव्हती, सुदैवानं जीवितहानीही झाली नाही, आणि देशभर त्यावर विनोद झाले. विनोद करणाऱ्यांत कंपन्यांचे इंजिनिअर नसावेत, अशी आशा आहे.

तर आता तक्रारी.

पहिली, आणि सगळ्यात जुनी. गिअर निवडायच्या साधनाला काही धरबंदच राहिलेला नाही. कुठं गोल नॉब, कुठं बटणं, कुठं स्टिअरिंगच्या मागं दांडी. काही गाड्यांत ती दांडी उजव्या हाताला आहे, म्हणजे बहुतेक भारतीय चालकांचा हात जिथं वर्षानुवर्षं इंडिकेटर शोधत आला नेमकी तिथं. गोल नॉब हाताला आर, एन, डी यांतला फरक सांगत नाही. खाली बघावं लागतं, आणि उन्हात ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. याचा शेवट कुठं होतो ते अमेरिकेनं पाहिलं आहे. फियाट-क्रायस्लरच्या काही गाड्यांत दांडी हलवून सोडली की ती पुन्हा मधोमध येत असे. लोक पार्क केलं असं समजून उतरायचे आणि गाडी निघायची. २०१६ मध्ये अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा तरुण अभिनेता स्वतःच्या घराच्या उतारावर अशाच एका गाडीनं खांबाशी दाबला जाऊन मरण पावला. अमेरिकी नियामकांनी त्या दांडीबद्दल काढलेला निष्कर्ष होता, की ती वापरायला सहज कळणारी नाही, आणि कोणता गिअर पडला हे हाताला व डोळ्याला नीट सांगत नाही. कंपनीनं उपाय कोणता केला? चालकानं दार उघडलं की गाडी आपणहून पार्कमध्ये जाईल असं सॉफ्टवेअर. हे आधी करता आलं नसतं का, हा प्रश्न मी क्वालिटीवाला म्हणून रोज विचारत आलोय.

दुसरी तक्रार आपल्याच कलमाबद्दल. एआयएस-०३८ संयुक्त राष्ट्रांच्या ज्या आर १०० नियमाच्या धर्तीवर बेतलं आहे, तो सांगतो की गाडी चालू स्थितीत असताना चालक उतरू लागला तर त्याला दिव्यानं किंवा आवाजानं तसं कळवावं. कळवावं, एवढंच. आजच्या गाडीत पट्ट्याचा टुंग, दाराचा टुंग, सेन्सरचा टुंग, फोन जोडला गेल्याचा टुंग. त्यात हा आणखी एक. पाणी भरलेल्या वॉशिंग मशीनचं दार उघडतच नाही. ते टुंग करून आपल्या शहाणपणावर विसंबत नाही.

तिसरी तक्रार ताईच्या भिंतीची. गाडी उभी, समोर अडथळा, आणि ॲक्सिलरेटर तळाला. यावरचा उपाय जगात लिहून तयार आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकानं ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. एकतीस वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. २०२१ मध्ये न्यायालयानं त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जपान तेवढ्यावर थांबला नाही. चुकीचं पेडल दाबलं गेल्यास गाडीनं स्वतःला आवरावं, असा नियम संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर तयार झाला. हाच आर १७५. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. चाचणी साधी आहे: उभ्या गाडीपुढे एक आणि दीड मीटरवर अडथळा ठेवायचा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. गाडीनं धडकायचं नाही, किंवा धडकेचा वेग ठरलेल्या मर्यादेत राखायचा. जपान त्याच्याकडच्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना सप्टेंबर २०२८ पासून हे सक्तीचं करतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या दोन करारांपैकी भारत १९५८ च्या करारात नाही, १९९८ च्या करारात आहे, त्यामुळे आर १७५ आपल्याला आपोआप लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर पत्र आपल्याला लिहितोय. आपल्याकडे तो येईल तो आपल्या समितीच्याच दारातून.

चौथी, एका पेडलच्या ड्रायव्हिंगची. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी पार थांबते, ब्रेकला पाय लावावाच लागत नाही. सोयीचं आहे, रेंजही वाढते. पण मग दिवसभर पाय एकाच पेडलवर राहतो, आणि कुत्रं आडवं आलं की ‘जोरात दाब’ हा मेंदूचा निरोप त्याच पायाला जातो. यावर अभ्यासकांत मतभेद असतील. माझं मत सावध राहण्याचं आहे. चीननं २०२५ च्या नव्या ब्रेक-मानकात हीच भूमिका घेतली: नुसता ॲक्सिलरेटर सोडून गाडी पूर्ण थांबणं, ही गाडीची मूळ सेटिंग असू नये. ज्याला हवं त्यानं मेनूत जाऊन निवडावं.

टचस्क्रीनबद्दल एवढंच, की गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना खऱ्या बटणांशिवाय पूर्ण गुण द्यायचं बंद केलं आहे. आपल्या पावसाळ्यात वायपरसाठी स्क्रीन चाचपायला लावणाऱ्या माणसाला एकदा जुलैत ताम्हिणीतून गाडी न्यायला सांगावी.

‘चालकानं लक्ष द्यावं’ हे उत्तर तर दुसऱ्या महायुद्धातच निकालात निघालं आहे. अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि मग वैमानिक पंखांवरच्या फ्लॅप्सऐवजी चाकं वर घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. हे काही शिकाऊ नव्हते. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये कॉकपिट पाहिलं. दोन्ही कळा शेजारीशेजारी, दिसायला सारख्या. त्यानं चाकांच्या कळीवर रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या कळीवर पाचर. चुका थांबल्या. गाड्यांतही तेच घडलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० आपणहून सुसाट निघते अशा तक्रारी आल्या. १९८९ च्या सरकारी अहवालानं कारण मुख्यतः चुकीचं पेडल हेच सांगितलं, म्हणजे चालकाचीच चूक. तरीही ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून गिअर निघू नये ही कडी गाड्यांत कायम राहिली, आणि पुढं २०१० पासून ती तिथल्या ऑटोमॅटिक गाड्यांना सक्तीची झाली. चूक चालकाची ठरली म्हणून गाडीचं काम संपलं, असं त्यांना वाटलं नाही.

खर्चाचा मुद्दा येईलच. आधीच सेन्सर, कॅमेरे आणि मोटर कंट्रोलर असलेल्या गाड्यांत उरतं ते मुख्यतः सॉफ्टवेअर आणि चाचणी. राज्य सरकार इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतूवर टोल माफ करतं, केंद्र जीएसटी पाच टक्के ठेवतं. एवढी सवलत घेणाऱ्या उद्योगाकडून ही अपेक्षा फार नाही.

मागण्या:

१. आर १७५ च्या धर्तीवर एआयएस मानकाचा मसुदा सहा महिन्यांत प्रसिद्ध करावा. सुरुवात इलेक्ट्रिक कारपासून करावी, आणि बससाठी वेगळी चाचणी आखावी. बसचं वजन, लांबी आणि गर्दी यांचा हिशेब निराळा आहे.

२. वेग शून्य असताना चालकाचा पट्टा सुटला, की ब्रेक पुन्हा दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटरनं काम करू नये. दारही उघडलं, तर गाडीनं स्वतः पार्कमध्ये जावं. दार किलकिलं करून मागं वाकून रिव्हर्स घेणारे आपल्याकडे खूप आहेत, म्हणून पट्टा, दार आणि शून्य वेग या तिन्ही अटी जुळल्यावरच. ऑटो होल्डनं धरलेल्या गाडीलाही हेच लागू असावं.

३. पार्कचं बटण वेगळं, एकाच प्रकारचं, न बघता बोटाला कळणारं. आर आणि डी यांची दिशा सर्व गाड्यांत सारखी. इंडिकेटरच्या सवयीच्या जागी गिअरची दांडी नको.

४. ॲक्सिलरेटर सोडून पूर्ण थांबण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असावी. रीजननं, म्हणजे मोटरनंच वीज परत बनवत ब्रेक लावल्यानं, गाडी जोरात मंदावली तर मागचे लाल दिवे लागलेच पाहिजेत, पेडल पूर्ण सोडलेलं असो वा अर्धं.

५. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यात अपघात टाळण्याला स्वतंत्र गुण आहेत. त्यात नियंत्रणांच्या मांडणीचेही गुण घालावेत, आणि ते मोजताना चाचणीला साठीपुढचे आणि क्लचवर शिकलेले चालक बसवावेत. टेस्ट ट्रॅकवरचे तरबेज ड्रायव्हर नकोत.

६. अपघातानंतर गाडीतून काढलेला संपूर्ण डेटा मालकाला लेखी मिळावा. निवडक तीन ओळी नकोत.

७. कंपन्यांना विनंती: सप्लायरकडून जो एट-डी मागता, तोच अशा प्रत्येक तक्रारीवर स्वतः भरा. मूळ कारणाच्या रकान्यात काय चालतं आणि काय चालत नाही, ते तुम्हीच आम्हाला शिकवलं आहे.

या पत्राची एक प्रत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला आणि एक राज्याच्या परिवहन आयुक्तांना पाठवत आहे. समितीनं बोलावलं तर ताईच्या गाडीचा डेटा घेऊन टेकडीवर यायला मी तयार आहे. तीही येईल म्हणते, फक्त मीटिंग सकाळची ठेवा.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इंजिनिअर,
पुणे